न तुटलेला ताण

जालना जिल्ह्यातला मोसंबीवाला दर वर्षी आपली बाग मुद्दाम तहानेली ठेवतो. आंबे बहार धरायचा असला की फळं उतरल्यावर पाणी बंद होतं. ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवले जातात, बागेत हलकी वखरणी होते, वरच्या थरातल्या बारीक मुळ्या थोड्या तुटतात, थोड्या उघड्या पडतात. मुरमाड हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत बाग अशी ताणावर राहते. पान आधी तेज सोडतं, मग भर दुपारी मुरडतं, पुढे सकाळीही मुरडलेलंच दिसतं आणि शेवटी पिवळं पडून गळतं. झाडाची चौथाई पानं खाली आली की जाणता माणूस म्हणतो, ताण बसला. जानेवारीत आंबवणीचं हलकं पाणी दिलं जातं, आठवड्याभराने चिंबवणीचं, आणि त्यानंतर नेहमीच्या पाळ्या सुरू होतात. पहिल्याच पाण्याला आळं तुडुंब भरणाऱ्याचा मोहोर गळतो, हे बागेत वावरलेल्या पोरालाही ठाऊक असतं. सगळं जमून आलं तर थोड्याच आठवड्यांत झाड फुलतं आणि बांधावरून जाणाऱ्यालाही वास येतो.

ही युक्ती जालन्याची एकट्याची नाही. सिसिलीतले लिंबूवाले उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडून अवेळी फळ आणतात. १९८६ मध्ये फ्लोरिडातल्या साउथविक आणि डेव्हनपोर्ट या दोघांनी कुंड्यांतल्या ताहिती लिंबांना मोजूनमापून तहानेलं ठेवलं आणि काही आठवड्यांच्या ताणाने फुलं येतात हे प्रयोगाने दाखवलं. आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या पानाकडे बघून चाललं होतं. या सगळ्या रिवाजाला अट एकच, की ताण तोडायला विहिरीत पाणी हवं.

२०१२ च्या हिवाळ्यात ताण द्यायचा प्रश्नच आला नाही. दुष्काळामुळे तो पावसाळ्यापासूनच बसलेला होता.

झाड त्या काळात नेमकं काय सोसतं, ते पाहायचं तर मोसंबीची एक फोड सोलून त्यातला रसाचा एक कण बोटांत धरावा. ताज्या फळातला कण टणक असतो, दाबला तर फट्‌कन फुटतो. चार दिवस उन्हात पडलेल्या फळातला कण लिबलिबीत लागतो. टणक असतो तेव्हा त्याच्या आतली प्रत्येक पेशी आपल्या भिंतीवर आतून रेटा देत असते. पेशीतल्या पाण्यात साखर, आम्लं, पोटॅशियम विरघळलेलं असतं. भोवतालचं पाणी तुलनेनं कोरं असतं. मधलं पटल पाणी आत जाऊ देतं, पण विरघळलेला माल सहजासहजी बाहेर सोडत नाही. त्यामुळे पाणी आत शिरत राहतं, पेशी फुगत जाते आणि भिंत तिला अडवते. भिंतीचा प्रतिरोध पाण्याच्या ओढीइतका झाला की आवक थांबते. पाण्याच्या या आत शिरण्याला परासरण म्हणतात. निरोगी पानातल्या पेशीत हा दाब पाच ते दहा वातावरणांपर्यंत असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन वातावरणं हवा भरतात, त्यावरून अंदाज यावा. पान ताठ उभं राहतं ते या दाबावर. त्याला हाड नाही, आणि कोवळ्या पानात लाकूडही नावापुरतंच.

हा दाब पहिल्यांदा नीट मोजला तो विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि तोही मातीच्या भांड्यात. सच्छिद्र भाजक्या मातीच्या छोट्या भांड्याच्या भिंतीत त्याने तांब्याच्या एका क्षाराचा पातळ पडदा बसवला, आत साखरेचं पाणी भरलं, भांडं साध्या पाण्यात ठेवलं आणि वर पाऱ्याची नळी जोडली. शंभरात एक भाग साखर असलेल्या द्रावणाने पारा सुमारे ५३ सेंटिमीटर उचलला. साखर वाढवली तसा दाब वाढला. १८७७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. पुढे ॲमस्टरडॅममध्ये ह्यूगो द व्रिस या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपला सहकारी व्हान्ट हॉफ याला या आकड्यांबद्दल सांगितलं. त्यातून व्हान्ट हॉफने विरघळलेल्या पदार्थाचा दाब वायूच्या दाबासारखाच नियम पाळतो असं मांडलं, आणि १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं. त्याच्या सूत्रात मोसंबीच्या रसातली साखर आणि आम्लं घातली तर ढोबळ हिशेबाने दहा वातावरणांच्या आसपास आकडा येतो. मातीचं सच्छिद्र भांडं पुढे जालन्याच्या बागांतही येणार आहे, म्हणून फेफरची ही हकिकत जरा लांबवली.

मोसंबी या जिल्ह्यात इतकी पसरली कशी, त्यालाही इतिहास आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबादेतून वेगळा निघाला, परतूर परभणीकडून आलं. दक्षिणेला गोदावरी, मधून दुधना, उत्तरेला पूर्णा. नकाशावर नद्या पुष्कळ दिसतात, पण पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि खाली काळा पाषाण. बेसाल्टच्या भेगांत जेवढं पाणी मावेल तेवढंच. गाळाच्या प्रदेशासारखा खोल साठा इथे नाही. जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पुरं झालं आणि डाव्या कालव्याने अंबड-घनसावंगीच्या काही शिवारांत पाटपाणी आलं. १९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आणली. खड्डे, कलमं, मजुरी, सगळ्याला अनुदान. महाराष्ट्राच्या फळबागांचं चित्र या एका योजनेने पालटलं, हे तिच्या टीकाकारांनाही मान्य करावं लागेल. जालन्यात रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली न्यूसेलर जातीची मोसंबी बदनापूर, अंबड, घनसावंगी, जालना या तालुक्यांत बांधाला बांध लागून उभी राहिली. बदनापुरात कृषी विद्यापीठाचं मोसंबी संशोधन केंद्रही आहे. सप्टेंबरपासून जालन्याच्या बाजारात मोसंबीचे ढीग लागायचे आणि उत्तरेकडे ट्रक निघायचे. योजनेने खड्डे मोजले, कलमं मोजली, जगलेल्या झाडांची टक्केवारीही मोजली. मे महिन्यात विहिरीला किती पाणी असतं, हे मात्र मोजायचं योजनेच्या कागदावर नव्हतं. ती उणीव बोअरने भरून काढली. शंभर फुटांवरून दोनशे, दोनशेवरून पाचशे.

आणि मग २०१२ चा पावसाळा आला. जून कोरडा, जुलैत भुरभुर. जो पाऊस पडला तो जमिनीच्या वरच्या वितीत जिरून गेला. ओढे वाहिले नाहीत, विहिरींना उमाळे फुटले नाहीत. जायकवाडीत जिवंत साठा जवळपास राहिला नाही. वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा कोर्टापर्यंत गेले. जालना शहरात नळाला आठवडेच्या आठवडे पाणी येत नव्हतं. म्हातारी माणसं ७२ च्या दुष्काळाशी तुलना करत होती. त्यांचं म्हणणं असं, की ७२ ला खायला नव्हतं, मिलो आणि सुकडीवर दिवस काढले, पण वीस-पंचवीस फुटांवर पाणी होतं. या वेळी रेशनचं धान्य घरात होतं आणि पाण्यासाठी रांग होती.

बागेत काय घडत होतं? उन्हातल्या पानाला एकच हुकमी बचाव असतो, तो म्हणजे पर्णरंध्र मिटणं. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्यांच्या भिंती सगळीकडे सारख्या ताणल्या जात नाहीत, म्हणून पोटॅशियम आत घेऊन त्या फुगल्या की धनुष्याकार वाकतात आणि मधे फट पडते. पोटॅशियम बाहेर गेलं, पाणी गेलं, की त्या ढिल्या पडून फट बुजते. मुळं कोरडी पडू लागली की अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक झाडात वाढतं आणि मिटण्याचा हुकूम देतं. पण रंध्र मिटलं की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. पाणी वाचतं, अन्न बंद होतं.

यापेक्षाही आधी थांबते ती वाढ. पेशी मोठी व्हायची तर आतला दाब एका ठरावीक उंबरठ्याच्या वर असावा लागतो, तेव्हाच भिंत कायमची ताणली जाते. लॉकहार्टने १९६५ मध्ये याचं समीकरण मांडलं. दाब त्या उंबरठ्याच्या किंचित खाली आला तरी पान हिरवं, ताठ, बघायला ठणठणीत राहतं, फक्त मोठं होत नाही. त्या वर्षी झाडावर होतं ते फळ लिंबाएवढं राहिलं, त्याचं कारण हेच. शेतकऱ्याला वाटतं खत कमी पडलं. खत पडलेलं असतं, पण ते विरघळवून मुळापर्यंत न्यायलाही पाणी नसतं आणि पेशी फुगवायलाही.

पेशी हे सगळं गप्प बसून सोसत नाही. ती आतला माल वाढवते. साखर, पोटॅशियम, प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल साठवून आपली ओढ वाढवते आणि सुकत्या मातीतूनही थोडं पाणी खेचते. पाणी कमी झाल्याचं तिला कळतं कसं, हे कोडं मात्र बराच काळ सुटत नव्हतं. १९९४ मध्ये चिंग कुंग यांच्या गटाने जिवाणूंच्या पटलातलं एक प्रथिन ओळखलं. पेशी फुगून पटल फाटायच्या बेतात आलं की केवळ त्या ताणाने ते उघडतं आणि आतला माल बाहेर सोडून पेशी वाचवतं. वनस्पतींमध्ये खारट, तीव्र द्रावणाची चाहूल घेऊन कॅल्शियम आत सोडणारं ओएससीए१ हे प्रथिन सापडलं २०१४ मध्ये, म्हणजे जालन्याच्या बागा वाळून गेल्यानंतर. पटलावरचा यांत्रिक ताण ओळखणारी प्रथिनं या घराण्यात आहेत, हे त्याही नंतर उघड झालं. पाणी पटलातून झपाट्याने ये-जा करतं ती वाट पीटर अ‍ॅग्र यांनी १९९० च्या दशकारंभी दाखवली होती, त्यासाठी त्यांना २००३ चं नोबेल मिळालं. शाळेत आपण शिकतो की खारट पाण्यात टाकलेल्या पेशीचं पटल भिंतीपासून सुटतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते खरंही आहे. बागेत वाळणाऱ्या पानात सहसा तसं होत नाही. तिथे बाहेर द्रावण नसतं, हवा असते, आणि भिंतीच्या ओल्या सूक्ष्म छिद्रांतून ती आत शिरू शकत नाही. त्यामुळे पाणी जाताना पटल भिंतीलाही आपल्याबरोबर आत ओढतं आणि पेशी अख्खी चिंबते. पान मुरडतं ते असं.

हा झाला पानाचा हिशेब. मातीचा त्याहून कठोर असतो. १९१२ मध्ये अमेरिकेत ब्रिग्ज आणि शांट्झ यांनी असंख्य रोपं सुकवून दाखवलं, की माती एका मर्यादेपर्यंत कोरडी झाली की रोप सुकतं आणि रात्रभर दमट हवेत ठेवूनही सावरत नाही. पुढे ती मर्यादा पंधरा वातावरणांच्या ओढीला ठरवली गेली. आपल्या भारी काळ्या जमिनीत त्या मर्यादेलाही मातीच्या वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्श्याइतकं पाणी अडकलेलं असतं, पण ते चिकणमातीच्या हाती इतकं घट्ट असतं की मुळाला ओढता येत नाही. त्यातच ही जमीन सुकताना आकसते आणि भेगाळते, भेगांत बारीक मुळ्या तुटतात. चांगली म्हणून मिरवलेली जमीनच त्या वर्षी काही बागांना भोवली.

खोडातली गोष्ट वेगळी. तिथल्या नळ्यांत पाणी दाबाखाली नसतं, ते वरून ओढलं जात असतं. डिक्सन आणि जॉली यांनी डब्लिनमध्ये १८९४ मध्ये ही कल्पना मांडली. १९६५ मध्ये शोलँडर यांनी फांदी एका पोलादी डब्यात ठेवून, वायूचा दाब देत, कापलेल्या टोकाशी पाणी कधी डोकावतं ते पाहून ही ओढ मोजली. उंच झाडांच्या शेंड्याच्या डहाळ्या मिळवायला त्यांनी बंदूक चालवणारा माणूस सोबत घेतला होता. ओढ फार वाढली की नळीतल्या पाण्याचा धागा तुटतो, पोकळी होते आणि ती नळी निकामी होते. मिलबर्न आणि जॉन्सन यांनी १९६६ मध्ये एरंडाच्या पानाला यंत्र लावून हे तुटणं टिकटिक आवाजात ऐकलं. एरंड आपल्या बांधांवर कुठेही उगवतो. २०१३ च्या मार्च-एप्रिलमध्ये मोसंबीच्या फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आल्या. पेशी ढिली पडली तर पाण्याने पुन्हा फुगते. तुटलेल्या नळ्यांची फांदी सहसा फिरून उभी राहत नाही. बहाराचा ताण आणि दुष्काळाचा ताण यांतला फरक इथे आहे.

तरीही माणसांनी हात टेकले नव्हते. टँकरने पाणी विकत घेऊन झाडाला मोजून कळशी-दीड कळशी घातली गेली. आळ्यांत पाचट, पऱ्हाट्या, सोयाबीनचा भुसा पसरला. एका पाळीला खोडाच्या एका अंगाला पाणी, पुढच्या पाळीला दुसऱ्या अंगाला. कृषी विद्यापीठाची माणसं सांगत होती की फळं काढून टाका, फांद्या हलक्या करा, खोडाला बोर्डोचा लेप द्या, पानांवर पांढऱ्या केओलीनची फवारणी करा म्हणजे ऊन परतेल, आणि पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे दुकानातलं तेरा-शून्य-पंचेचाळीस, फवारा. या शेवटच्या सल्ल्यामागे रक्षक पेशींचं तेच पोटॅशियम आहे. आणि खोडाजवळ मडकी पुरली गेली. भाजक्या मातीच्या मडक्यातून पाणी पाझरतं, भोवतालची माती जितकी कोरडी तितकं जास्त, ओली झाली की आपोआप कमी. फेफरच्या भांड्यासारखा पडदा त्यात नसतो, त्यामुळे क्षारही पाझरतात. पण मातीची ओढच पाण्याचं माप ठरवते. पैसा नसलेल्या माणसाने सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगली.

या धडपडीत एक घात असा झाला, की खोल बोअरला लागलेलं पाणी काही ठिकाणी खारं निघालं. खाऱ्या पाण्याने आळं ओलं दिसतं, पण त्यातले क्षार मुळाच्या विरुद्ध बाजूने ओढतात. ऊन पाणी नेतं, क्षार मागे राहतात, पुढच्या पाळीला आणखी साठतात. ओल्या आळ्यात झाड तहानेने वाळलं, आणि मालकाला शेवटपर्यंत उमगलं नाही की चुकलं कुठे.

एप्रिल-मेमध्ये कुऱ्हाडी चालल्या. पंधरा-वीस वर्षांची, ऐन उत्पन्नातली झाडं सरपणाच्या भावाने गेली. जिल्ह्यातल्या मोसंबीचा फार मोठा भाग त्या उन्हाळ्यात संपला. आणि त्याच जालना तालुक्यात कडवंचीचे द्राक्षमळे हिरवे होते. या गावात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम राबवला गेला. विजयअण्णा बोराडे यांचं मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र त्यामागे होतं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, नाल्यांवर अडवणी, आणि नंतर शेतकऱ्यांनी स्वतः खोदलेली प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी. ढग त्यांच्यावरही वेगळे आले नव्हते. त्यांनी पाणी आधी साठवलं आणि द्राक्षं नंतर लावली.

२०१३ चा जून वेळेवर आला आणि चांगला आला. ज्या झाडांची खोडं जिवंत होती ती फुटली. पण लांबलेल्या तहानेनंतर भरपूर पाणी आलं की रसाचे कण सालीपेक्षा झपाट्याने फुगतात आणि उरलंसुरलं फळ तडकतं. माती ओली राहिली तिथे डिंक्या रोगाच्या बुरशीने मुळ्या खाल्ल्या. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये गारपीट झाली. त्यानंतर २०१४ आणि २०१५ हे दोन पावसाळे पुन्हा कोरडे गेले. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं तो उन्हाळा २०१६ चा. त्याच वर्षी जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं.

कलमांना आजही अनुदान मिळतं आणि रोपवाटिकांत आजही गर्दी असते. जो कुणी या वर्षी नवी बाग लावणार असेल त्याने कलम आणण्याआधी आपल्या विहिरीचं मे महिन्यातलं पाणी दोन उन्हाळे मोजावं आणि बोअरच्या पाण्याची बाटली तपासणीला द्यावी. दोन्हींपैकी एक जरी कमी पडलं, तर त्या रानात तूर लावावी. बदनापुरातल्याच कृषी संशोधन केंद्राची तुरीची वाणं अशा कमी पाण्याच्या रानांसाठी काढलेली आहेत.